गडग्याखालचं पाणी

कोल्हापूर,
४ मार्च २०२४

गौरजावहिनींस सादर नमस्कार.

तीन दिवसांत चार फोन केले. चारही वेळा सृष्टीनं उचलला आणि "काका, आई बागेत गेलीय" म्हणाली. वहिनी, एवढी मोठी बाग आपली नाही. शेवटी कागद घेऊन बसलो.

नळ माझ्या नावावर आहे म्हणून ग्रामपंचायतीचं पत्र मला इकडे आलं. यंदापासून प्रत्येक घरानं ठरवायचं आहे, वर्षाची ठोक पाणीपट्टी भरायची की मीटर बसवून घ्यायचा. ३१ मार्चच्या आत कळवायचं. माझं मत मीटरचं आहे. तुमचं काही म्हणणं असल्यास लेखी कळवावं.

कारण स्पष्ट सांगतो. गेल्या महिन्यात सर्वेश प्लंबर टाकीचा कॉक बदलायला आला होता. त्यानं मला सांगितलं की नळ रोज दोन तास सुटतो तरी आपली टाकी अर्धीसुद्धा भरत नाही. घरात माणसं दोन, तुम्ही आणि सृष्टी. दादा होता तोवर मी चौकशी केली नाही. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, आता विचारतो. पाणी जातं कुठं?

आणि शेजारच्या काशीबाईंचं संमतीपत्र तुम्ही मला पुन्हा पाठवलंत. त्यांच्या नळाचा पाईप आपल्या बागेतून न्यायचा तर दोन्ही मालकांची सही लागते. दादाच्या वाट्याची तुम्ही केलीत, माझी मिळणार नाही. जागेतून एकदा पाईप गेला की तो हक्क होऊन बसतो. शिवाय त्यांना विहीर आहे की! देवीच्या कृपेनं गोडी झालेली विहीर म्हणून सगळी वाडी तिथं नारळ ठेवते ना? मग नळ कशाला?

आपला,
विश्वेश


खारवणे, ता. मालवण,
१३ मार्च

विश्वेश भावोजी,

फोन मी मुद्दामच उचलत नाही. फोनवर तुम्ही वाटेल ते बोलता, आणि महिन्यानं "मी असं बोललोच नव्हतो" म्हणता. कागदावर लिहा. कागद मी डब्यात ठेवते.

मीटर नको. ह्या घरात मी राहाते, कळशी मी उचलते, टाकी मी घासते. तुम्ही गणपतीला पाच दिवस येता आणि त्यातले दोन दिवस पाण्याला जोर नाही म्हणून कुरकुरता. कोल्हापुरात बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जातं?

नळ सुटायच्या आधी पाव तास नुसती हवा येते. ती हवासुद्धा मीटर मोजतो म्हणे. हवेचे पैसे भरायचे आहेत तुम्हाला?

पाणी कुठं जातं विचारता. माडांच्या मुळांना जातं. झालं समाधान? ह्यांना मी एक शब्द दिलेला आहे आणि तो मी पाळते आहे. त्यापलीकडे मला विचारू नका. ठोक पट्टी दरवर्षी मीच भरते, यंदाही मीच भरीन. तुमच्या खिशाला हात लावणार नाही.

काशीबाईच्या सहीबद्दल एवढंच सांगते, की अशी सही नाकारायला छाती लागत नाही, नुसतं पेन लागतं.

गौरजा


कोल्हापूर,
२१ मार्च २०२४

वहिनी,

शब्द! कधी दिला, कशाबद्दल दिला, काही नाही. मी घराचा अर्धा मालक आहे आणि माझ्याच घरात माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे ते मला कळलंच पाहिजे. माडांच्या मुळांना म्हणे! मी त्याच बागेत वाढलो. नळाचं पाणी माडाला घालणारं माणूस अख्ख्या तालुक्यात सापडायचं नाही.

मला वाटतं ते लिहून टाकतो. आपल्या मागच्या बाजूला सलोनीनं तीन खोल्यांचं होमस्टे काढलं आहे. तिचे पाहुणे दिवसातून तीनदा आंघोळ करतात. ते पाणी कुठून येतं, हे मला आता वेगळं विचारायची गरज वाटत नाही. दादाच्या माघारी तुम्ही हे असे उद्योग कराल असं वाटलं नव्हतं.

मीटरचा अर्ज भरून काल रजिस्टरनं पाठवला. सर्वेश येऊन बसवेल. घरातले सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का बघ, असंही त्याला सांगून ठेवलं आहे.

विश्वेश


खारवणे,
९ एप्रिल

भावोजी,

बसला तुमचा मीटर. आज पाडवा. लोकांच्या दारात गुढ्या आणि माझ्या दारात सर्वेश पाना घेऊन.

सलोनीबद्दल लिहिलंत ते मी तिला वाचून दाखवलं नाही, म्हणून तुम्ही वाचलात. तिच्याकडे टँकर येतो. ज्या वहिनीनं तुमच्या लग्नात अंगावरच्या पाटल्या काढून सारिकाच्या हातात घातल्या, ती तुमचं पाणी विकते काय हो? लिहिताना हात कसा थांबला नाही तुमचा? अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

नळ सुटला. सर्वेशानं मोरीचा, परसातला, टाकीचा, सगळे नळ बंद केले. मीटरचा काटा फिरतच होता. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी माडाकडे बघत राहिले.

तुम्ही आता त्याला खणायला सांगाल. भावोजी, आजवर तुमच्याकडे मी काही मागितलेलं नाही. आता मागते. कुंपणाच्या गडग्याकडे खणू नका. मीटर राहू दे, जे काय बिल येईल ते मी भरीन, दुप्पट आलं तरी भरीन. पण कुदळ लावू नका. मी हात जोडते.

गौरजा


कोल्हापूर,
१८ एप्रिल २०२४

वहिनी,

हात जोडायची वेळ का आली ते मला आता कळलं.

मंगळवारी सर्वेशानं खणलं आणि मला मोबाईलवर सगळं दाखवलं. मीटरच्या पुढे आपल्या पाईपाला एक जोड आहे. त्यातून अर्ध्या इंचाचा काळा पाईप निघतो, गडग्याच्या चिऱ्यांखालून पलीकडे जातो आणि थेट काशीबाईंच्या विहिरीच्या बांधकामात शिरतो. बाहेरून काही दिसू नये असा बेतानं बसवलेला! देवीची कृपा ती हीच. एवढी वर्षं आपल्या नळाचं पाणी चोरून गावाला चमत्कार दाखवायचा आणि वर नळासाठी माझ्याकडे सही मागायची. काय हिंमत आहे बाईची!

पाईप मी तिथल्या तिथे कापायला लावला आणि तोंडाला बूच मारून घेतलं. तुम्हाला हे माहीत होतं आणि तुम्ही चोराला पाठीशी घातलंत, याचं दुःख जास्त आहे. सर्वेशाला तूर्त गप्प राहायला सांगितलं आहे. मे अखेरीस मी येईन तेव्हा ग्रामपंचायतीत लेखी तक्रार करणार आहे.

विश्वेश


खारवणे,
२९ एप्रिल

भावोजी,

चोर सापडला म्हणता? मग नाव पण ऐका.

पाईप काशीबाईनं घातला नाही. तुमच्या दादानं घातला. स्वतःच्या हातांनी, २०११च्या मे महिन्यात, दुपारी सगळी वाडी जेवून आडवी झाली होती तेव्हा. मी टोपलीनं माती ओढत होते. आता शब्द मोडते आहे, ह्यांनी मला वरून शिव्या दिल्या तरी चालतील.

आठवते तुमची केळीची बाग? खालच्या अंगाला तुम्ही बोअर मारलीत. दोन उन्हाळे तुमचा पंप सकाळपासून सांजेपर्यंत चालू होता. हे सांगून सांगून थकले, "विश्वेश, खाडी हाकेवर आसा, इतक्या उपसू नको, खारां पाणी आत येतला." तुम्ही काय म्हणालात? "दादा, तुझं शिक्षण किती?" तिसऱ्या उन्हाळ्यात बोअरला खारं लागलं, केळी करपल्या, तुम्हाला नोकरी लागली आणि तुम्ही पंप विकून गेलात. तुमचं संपलं. खारं पाणी मात्र तुमच्या मागून कोल्हापूरला गेलं नाही. ते काशीबाईच्या विहिरीत शिरलं.

त्याच महिन्यात तिचा नवरा परशुराम गेला. घरात दुसरं माणूस नाही. पाणी द्यायला कोणी आलं नाही, म्हणून सुतकात तिनंच विहिरीत कळशी सोडली. झालं! वाडीला तेवढं पुरलं. सुतकात विहिरीक हात लावल्यान म्हणून पाणी खारावला! बोअर कोणाला आठवली नाही, पंप कोणाला आठवला नाही. देवळात गाऱ्हाणं घातलं, सगळ्या गावासमोर तिला उभी केली आणि पायरीवर नाक घासायला लावलं. तिचा घोव जाऊन वीस दिवस झाले नव्हते. मी तिथं होते. मी बघितलं आणि मूग गिळून घरी आले.

ह्यांना उठून खरं सांगायचं होतं. पण तुमच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि सारिकाचं माहेर पलीकडच्याच गावात. एका विधवेची विहीर नासवणारा जावई म्हणून तुमचं नाव झालं असतं. ह्यांनी तुमचं नाव गिळलं आणि पाईप घातला. आठ दिवसांत विहीर गोडी झाली. गोडं पाणी वर राहातं, खारं खाली बसतं, कळशी वरच्यावर भरली की झालं. गाव म्हणाला, देवी पावली. ज्यांनी नाक घासायला लावलं तेच नारळ घेऊन विहिरीवर आले. तिला पुन्हा लग्नाकार्याची बोलावणी येऊ लागली. हे मला म्हणाले, "विश्वेशाक कळता नये आणि काशीबायकय कळता नये." म्हणून मी तेरा वर्षं तोंड शिवून बसले होते. आणि तुम्ही मला पाणी विकणारी म्हणालात!

आता ऐका तुमच्या कुदळीनं काय केलं. विहीर पुन्हा खारी झाली आहे. काशीबाई परवा नारळ घेऊन देवळात गेली तर दोघी बायका पदर सावरून बाजूला सरकल्या. एक तर तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "आता काय केल्यान कोणाक ठावक!" सर्वेशाला मी देवीची शपथ घातली आहे, म्हणून तो अजून गप्प आहे. मंगळवारी १४ मेला पुन्हा गाऱ्हाणं ठरलंय. बासष्ट वर्षांच्या बाईला पुन्हा त्या पायरीवर उभी करणार आहेत.

करा आता तक्रार. लेखी करा.

गौरजा


कोल्हापूर,
४ मे २०२४

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं. बोअर विहिरीपासून साठ फुटांवर होती. माझ्याच पंपामुळे विहीर खारावली याला पुरावा काय? त्या वर्षी पाऊसही कमी होता. खाडीकाठच्या आणखी विहिरी खारावल्या असतील. सगळं माझ्या माथी मारायचं हे बरं आहे.

आणि दादानं मला का सांगितलं नाही? एका शब्दानं सांगायचं होतं! मी काय तोंड लपवून पळालो असतो? मोठेपणा सगळा त्यानं घेतला आणि मला तेरा वर्षं मूर्ख ठेवलं. दरवर्षी गणपतीला येऊन मी त्याच्या ताटाशेजारी जेवत होतो. पाण्याला जोर नाही म्हणून मी कुरकुरायचो तेव्हा तो हसायचा. तेव्हा तरी सांगायचं.

सारिकानं पत्र वाचलं. कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही.

मी सर्वेशला सांगतो. तो दुपारी येऊन पाईप पुन्हा जोडेल. आठ दिवसांत विहीर गोडी होईल, देवी पावली म्हणतील आणि विषय मिटेल. मीटर जे काय दाखवील त्याचं बिल मी देत जाईन. तक्रार करत नाही. मात्र हे सगळं तुमच्या-माझ्यात राहू द्या.

विश्वेश


खारवणे,
८ मे

भावोजी,

नाही जोडायचा. सर्वेश आला होता, मी त्याला दारातून परत पाठवला.

आधी तिचं नाक दुसऱ्यांदा घासायचं आणि मग आठ दिवसांनी देवीनं पावायचं, असंच ना? एकदा केलं आम्ही ते. तेव्हा मला ह्यांचं फार कौतुक वाटलं होतं. तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा ह्यांचा राग आला. पाणी दिलं, पण तिच्यावरचा आळ तसाच ठेवला. तिनं गुन्हा केला आणि देवीनं माफ केला, हेच गाव आजपर्यंत समजतं. गुन्हा नव्हताच, हे तिला कोणी सांगितलं? आम्ही दोघं शहाणी पाणी सोडून मोकळी झालो.

पुरावा विचारता. खालच्या बागेत बोअरचं तोंड अजून आहे, वर मी फुटका रांजण उपडा घातलाय. या आणि चाखून बघा.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता देवळात या. कचेरीतली मराठी तिथे नको. आपल्या बोलीत सांगा, सगळ्यांना कळेल असं. तुम्ही आला नाहीत तर मी उठून सांगीन, आणि मी सांगितलं तर पाटल्यांपासून सगळं सांगीन.

गौरजा


खारवणे,
१७ मे

भावोजी,

आलात. घरी पाणी प्यायलासुद्धा न थांबता दुपारच्या एसटीनं गेलात, म्हणून पुढचं लिहिते.

गावकारानं गाऱ्हाण्याला सुरुवात केली होती आणि दर वाक्याला सगळे नेहमीसारखे "व्हय महाराजा" म्हणत होते. मध्येच तुम्ही पुढे झालात आणि म्हणालात, "काशीबायची विहीर माझ्या पंपान खारावली. तिचो गुन्हो नाय. पाणी गोडां केल्यान माझ्या दादान, नळाचा पाईप घालून." आणि मागच्या दोघा म्हाताऱ्यांनी सवयीनं म्हटलं, "व्हय महाराजा!" एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी कोणीच हसलं नाही. गावकारानं गाऱ्हाणं तिथंच सोडलं. मग एकेक जण चपला शोधायला लागला.

काशीबाई आली नव्हती हे तुम्ही बघितलंत. तिनं निरोप पाठवला होता, "माझो गुन्हो नाय, मी येवचंय नाय." तुम्ही गेल्यावर मी तिच्याकडे गेले. परसात ती झावळ्या विणत होती. मी सगळं सांगितलं, तुमचं, ह्यांचं, माझं. वाटलं, रडेल, मला जवळ घेईल. तिनं मान वर केली नाही.

म्हणाली, "गो गौरजा, मी काय खुळी? देवीच्या पाण्याक नळाच्या पावडरीचो वास येता? पयल्या कळशेक माका कळला. तुझो घोव दुपारचो खणत होतो आणि तू टोपली ओढत होतंस, ता मी ह्याच परसातसून बगलंय."

मी म्हटलं, मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?

"बोललंय आसतंय तर पाणी बंद झाला आसता. गाव येवन नारळ ठेयत होतो, ठेवंदे म्हटलंय. विहिरीर मी दिवो लायतंय तो परशुरामाच्या नावान, देवीच्या नाय. पण एक गोष्ट सांग. माझा नाक घासल्यानी तेव्हा तू खंय होतंस? खांबाकडे होतंस. माका दिसत होतंस. तेरा वर्सां वाट बगलंय, आज येतली, उद्या येतली, आणि सांगतली, काशीबाय, तुझो काय एक गुन्हो नाय. तू रोज येयत होतंस. लोणचां घेवन येयत होतंस!"

भावोजी, तुमच्यावर ओरडताना माझी जीभ अडखळली नव्हती. तिच्यासमोर मला माफीऐवजी पाईपच सुचला.

मी म्हटलं, पाईप उद्याच जोडून देते. तर झावळी बाजूला टाकून उठली. "तुमचो पाईप नको. तुमची दयाय नको. माका माझो नळ होयो. मीटरासयत. माझ्या नावाचा बिल येवक होया. मगे बगतंय माझ्या पाण्याक कोण नावां ठेयता ता."

मीटर नको म्हणून मी तुमच्याशी दोन महिने भांडले. तो तिला हवा आहे.

संमतीपत्र तिसऱ्यांदा पाठवते आहे. माझी सही आहे. तुमच्या नावापुढे फुली केली आहे तिथं तुमची करायची.

गौरजा


कोल्हापूर,
२१ मे

वहिनी,

सही केली. सारिकानं साक्षीदार म्हणून केली. रजिस्टरनं पाठवतो.

पाईप खालच्या बागेतून सरळ जवळ पडेल. मध्ये माझी बोअर येते. रांजण काढून ती बुजवायला लावा, वरून पाईप जाऊ दे.

काशीबायक सांग, माका… नको. काय सांगू नको. फक्त कागद दी.

विश्वेश